उजवीकडचे बाण

थोरलीनं खांबाआड उभं राहून मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि पडद्यावरचा लाल ठिपका दाबला. काचेच्या दारापलीकडे, एका गोल चौथऱ्यावर, तिची धाकटी जाऊ हात पसरून उभी होती.

आपला उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, असं जिनं भरपाईच्या अर्जात सही करून लिहून दिलं होतं, ती बाई भर दुपारी मॉलच्या वरच्या मजल्यावर गेम खेळत होती. रोज साडेबाराला गुपचूप जिना उतरते, ती इथं येण्यासाठी. थोरलीला मनातून आनंद झाला. चित्र हलू नये म्हणून तिनं कोपर खांबाला टेकवलं.

खेळ जपानी होता. पडद्यावर कुणाला वाचता न येणारी अक्षरं, गाण्याच्या तालावर खालून वर सरकणारे रंगीत बाण आणि चौथऱ्याभोवती डोक्यापेक्षा उंच, अर्धवर्तुळात पाच दिवे. पायांना काही काम नाही. बाण वर पोचला की त्या बाजूच्या दिव्याखालून हात न्यायचा. नाच म्हणायचा, पण सगळा हातांचा. धाकटीचा डावा हात सपासप चालला होता.

चार महिन्यांपूर्वी लाँड्रीत कामावर असताना ओल्या चादरींबरोबर तिचा उजवा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये खेचला गेला होता. रोलरच्या तोंडावरची संरक्षक जाळी फोरमननं काढायला लावली होती, असं ती म्हणाली. जाळी जागेवर होती, घाई करून हिनंच ती उचलली, असं फोरमन म्हणाला. फोरमन म्हणजे थोरलीचा नवरा. त्यानं मेलेल्या आईची शपथ घेऊन ते सांगितलं होतं, आणि थोरलीनं त्यावर दुसरा प्रश्न विचारला नव्हता. धाकटा दीर ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असायचा, त्यामुळे भांडण उरलं ते दोघी जावांत. एका घरात दोन गॅस आले. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे तोंड करायची, दुसरी घसा खाकरायची. सोमवारी सुनावणी होती. धाकटीचं खरं ठरलं तर फोरमनची नोकरी जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

गाणं अर्ध्यावर आलं तसं थोरलीच्या लक्षात आलं, उजवीकडचे बाण वाया जात होते. धाकटीचा उजवा हात छातीपर्यंत यायचा आणि कुणी मनगट धरल्यासारखा थांबायचा. बाण काळा पडून निघून जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा काळा. थोरली दात आवळून वाट बघत राहिली. वर कर ना, बये. एकदाच कर.

शेवटी शेवटी लय जरा संथ झाली. धाकटीनं खालचा ओठ दातात धरला, आणि हात थरथरत, वितीवितीनं, उजवीकडच्या दिव्याखाली गेला. दिवा पेटला. लगेच हात लोंबत खाली आला आणि तिनं तो डाव्या हातात धरून पोटाशी घेतला.

मिळालं, असं थोरलीच्या मनात आलं. तेवढ्यात धाकटी मागं न वळताच बोलली. काळ्या झालेल्या पडद्यात तिला खांबाआडची थोरली दिसली असावी.

"तिथून नीट दिसत नसेल, जाऊबाई. आत या."

थोरली आत गेली. आता लपण्यात अर्थ नव्हता.

"अर्जात काय लिहिलंयस आणि इथं काय चाललंय?"

"व्यायाम. दवाखान्यातली बाई म्हणते, रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या. भिंत काही बोलत नाही. हे मशीन आकडा सांगतं." तिनं हनुवटीनं पडद्याकडे खूण केली. "उजवीकडे चाळीस बाण आले. मिळाला एक. गेल्या आठवड्यात एकही नव्हता."

"तो एक पुरेसा आहे मला."

"ठाऊक आहे. म्हणूनच विचारते, गाणं सगळं काढलंत की तेवढंच?"

"माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय देतेयस तू."

"आणि माझा हात कुणी दिला रोलरमध्ये?" धाकटीनं डाव्या हातानं पिशवी खांद्याला अडकवली. पट्टा दोनदा घसरला. थोरली बघत राहिली, पुढे झाली नाही. "दाखवा कुणाला दाखवायचं ते. तुमच्याकडून दुसरी अपेक्षा नाही."

"जीभ मात्र सहीसलामत आहे तुझी," थोरली म्हणाली.

फोरमन दुपारच्या जेवणाला घरी आला होता. त्यानं ताट बाजूला सारून मोबाइल हातात घेतला. गाण्याचा बराच भाग त्यानं बोटानं पुढे ढकलला. दिवा पेटला तिथं तो थांबला आणि हसला.

"शाबास. हे एवढंच ठेव. बाकीचं काप."

"बाकीच्यात हात वर जात नाही तिचा."

"म्हणूनच काप."

थोरली त्याच्या पेल्यात पाणी ओतायला लागली. "मी म्हणते, सगळंच दाखवू. जाळी जागेवर होती ना? मग तिचा हात चालो न चालो, आपल्याला कसली भीती?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो मोबाइलमध्येच बघत होता. "जाळी लावून त्या दिवशीचा माल निघाला असता का? सगळेच काढतात. कुणाचा हात जात नाही. हिचाच बरा गेला."

पाणी पेल्याच्या काठाशी आलं. थोरलीनं तांब्या सरळ केला, झाकण लावलं. त्याला आपण काय बोललो त्याचा पत्ताही नव्हता. तो तोच तुकडा पुन्हा लावून बघत होता.

"आणा इकडे," ती म्हणाली. "कापते."

त्यानं मोबाइल दिला आणि ताट पुढे ओढलं.

थोरली जिना चढून वर धाकटीच्या दाराशी गेली. धाकटीनं दार उघडलं ते जेमतेम तोंड दिसेल एवढंच.

"सोमवारी किती वाजता बोलावलंय?"

"अकराला. भाऊजींना नोटीस वाचता येत नाही का?"

"त्यांचं नाही विचारत. मला कुठे यायचं ते सांग."

धाकटीची नजर थोरलीच्या मुठीतल्या मोबाइलवर गेली आणि परत वर आली.

"हे नवीन काय?"

"गाणं सगळं आहे यात. पहिल्यापासून."

"मला तुमची दया नको."

"दया कुणाला येतेय? तू मला पहिल्या दिवसापासून आवडली नाहीस."

"मला तरी कुठं तुम्ही आवडलात?"

"मग झालं तर. पत्ता सांग."

धाकटीनं कामगार कचेरीचा पत्ता सांगितला, तोही तोंड वाकडं करून, आणि दार लावून घेतलं. खालून फोरमननं हाक मारली, झालं का कापून? थोरली जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.