रुमालाखालचा सौदा

मित्रांनो, पुसदच्या एका घरात खुंटीला टांगलेला जुना सुती रुमाल तुमच्याशी बोलतो आहे. कधीकाळी मी पांढरा होतो. आता मला कोणी पांढरा म्हणणार नाही, पण माझी तक्रार नाही.

माझा कापूस फुलसावंगीच्या काळ्या जमिनीत पिकला. हातमागावर मी विणला गेलो आणि कापसाचे व्यापारी सरदारभाई यांच्या वडिलांच्या खांद्यावर आलो. त्या काळी कापसाचा भाव तोंडाने सांगत नसत. विकणारा आणि घेणारा हातात हात देत आणि वरून मला पसरत. बोटे दाबून भाव मागायचा, बोटे दाबूनच उत्तर द्यायचे. पटले की मनगट धरायचे. मनगट धरले की सौदा पक्का, मग कोणी मागे फिरत नसे. किती राबलेले हात मी जवळून पाहिले!

पुढे बाजारात उघडा लिलाव सुरू झाला. ते बरेच झाले, पण माझे काम संपले. मी स्कूटर पुसू लागलो. एक दिवस सरदारभाईंच्या पत्नी सुग्राबी यांनी मला स्वच्छ धुऊन खुंटीला अडकवले. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

मग कापसाची वाईट वर्षे आली. सकाळचा भाव संध्याकाळी टिकेना. सरदारभाईंची मुलगी कशफ तेव्हा शाळेत होती.

"अब्बा, भाव कोन ठरवते?"

"दुनिया ठरवते, बेटा."

"मंग दुनियेले कोन इचारते?"

हा प्रश्न तिने सोडला नाही. गणितात पदवी घेताना तिला कळले, की भावांचे चढउतार आणि त्यातली जोखीम गणिताने मोजण्याची एक विद्या आहे. तिला संख्यात्मक वित्त म्हणतात. पुढच्या शिक्षणासाठी तिने तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्हींकडून होकार आला. शेवटच्या दिवशी सगळे घरात जमले. कुठे जायचे ते त्या संध्याकाळपर्यंत कळवायचे होते, नाहीतर जागा जाणार होती.

"मुंबईच घे," सरदारभाईंचे भाऊ तारिकचाचा म्हणाले. "बँकवाले तिथूनच उचलून नेतात."

"नागपूर जवळ हाय," सुग्राबी म्हणाल्या. "दर जुम्म्याले घरी येशीन."

"अम्मी, नागपुरात हा विषय नावालेच हाय. मुंबईत सारा भर शेअरवर. हैदराबादेत पिकांचे भाव, पावसाची जोखीम..."

"हैदराबादेत बिर्यानी शिकवतात काय?" चाचा म्हणाले. सगळे हसले. कशफने तिन्हीकडचे विषय बारकाईने वाचले होते, तिथल्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारले होते. पण तिला काय सापडले, हे कोणी विचारले नाही.

तेव्हा सरदारभाई उठले आणि त्यांनी मला खुंटीवरून काढले.

"तोंडानं बोलली तर हे सारे तुटून पडतीन. बोटानं सांग. एक म्हंजे नागपूर, दोन मुंबई, तीन हैदराबाद."

मित्रांनो, माझ्याखाली तोवर कधी मुलीचा हात आला नव्हता. तो थंड होता. तिने तीन बोटे दाबली. आणि काय सांगू, व्यापाऱ्याचा हात तो! सरदारभाईंनी सवयीने उलट एक बोट दाबले.

"अब्बा! तुमी इचारून राह्यले का भाव पाडून राह्यले?"

सरदारभाईंचे कान लाल झाले. तरी त्यांनी दोन बोटे दाबून पाहिलीच. कशफने पुन्हा तीन दाबली आणि या वेळी सोडली नाहीत.

"काहून?" त्यांनी हळूच विचारले.

"भगवानकाका दरसाल कापूस आणतात आन् इचारतात, आता इकू का थांबू? तुमी म्हंता, अल्लाले माहीत. मले त्याचं उत्तर शोधाचं हाय, अब्बा. ते तिथंच शिकवतात."

सरदारभाईंची बोटे सैल झाली. मग त्यांनी तिचे मनगट धरले.

"गेली पोर लांब," म्हणत सुग्राबींनी डोळे पुसले आणि त्या तिच्यासाठी बॅग काढायला उठल्या.

परवा सुट्टीत कशफ घरी आली होती. भगवानरावांनी ओट्यावर बसून तोच प्रश्न विचारला. तिने त्यांचा माल किती, घरची गरज किती, हे आधी विचारले. मग म्हणाली, "काका, सारा नोका इकू. गरजेपुरता आता इका, बाकी थांबा. माहं चुकलं तरी अर्धंच चुकीन."

मित्रांनो, जुने कापड फेकण्याआधी एकदा धुऊन पाहा. आणि घरात कोणी आपली वाट निवडत असेल, तर त्याचा हात हातात घ्या. भाव पाडायचा मोह होईल. पण त्याची बोटे काय सांगतात, ते शेवटपर्यंत ऐका.