पाच टाके

ते साल एकोणीसशे शहाण्णव. रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, बागेच्या भर सभेत, छोटूने पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि बाकावर ठेवला.

"बघा," तो म्हणाला. "नीट बघून घ्या सगळ्यांनी. मग सांगा मला, कुत्री किती मायाळू असतात ते."

छोटू तेव्हा अडतीस वर्षांचा होता. नव्वद किलो वजन, विजेच्या सामानाचं दुकान, दोन मुली. तरी बागेभोवतीच्या चारही इमारतींना तो छोटूच होता. त्याच्या पोटरीवरची खूण पंधरा-वीस जणांनी वाकून पाहिली. बहुतेकांनी ती आधीही पाहिलेली होती. बागेच्या समितीचा तो सेक्रेटरी झाल्यापासून वर्षातून एकदा तरी तिचं दर्शन व्हायचंच.

"पाय खाली घे," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. त्या अध्यक्ष होत्या आणि निवृत्त होऊनही त्यांचा आवाज निवृत्त झाला नव्हता. "बाकावर माणसं बसतात."

"काका, आमच्या बटणला दातच चार राहिलेत," बाइंडरची नात म्हणाली. "त्यातले दोन हलतात."

लोक हसले. छोटू हसला नाही.

"चार पुरतात," तो म्हणाला.

बटण त्या पोरीच्या पायाशी झोपलं होतं. काळं, ठेंगणं, एका डोळ्यावर पांढरा ठिपका असलेलं म्हातारं कुत्रं. शेजारी तिचे आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. जन्मभर त्यांनी पुस्तकं आणि वह्या बांधल्या. आता त्यांच्या डोळ्यांना मधलं काहीच दिसत नव्हतं, फक्त कडेकडेचं दिसे. बटण पुढे चाले आणि त्याच्या पट्ट्याला धरून ते मागे. बाहेरच्या रस्त्यावर मालाचे ट्रक वळायचे, म्हणून पोरीने त्यांना बागेतून फिरवायला सुरुवात केली होती. फाटकावर मात्र बत्तीस वर्षांपासून पत्र्याची पाटी होती: कुत्र्यांना सक्त मनाई. पोरीने ती काढावी म्हणून अर्ज केला होता. छोटूने उलट ठराव आणला होता, की बागेत कुत्रं दिसलं तर सरळ पालिकेच्या गाडीत द्यायचं. गाडीवाल्याला त्याने सोमवारी सकाळी बोलावूनही ठेवलं होतं.

सगळ्यात मागच्या खुर्चीवर सिस्टर बसल्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती, आणि चार इमारतींतल्या निम्म्या दंडांना त्यांच्या सुईची ओळख होती. त्या खुणेकडे बघत नव्हत्या. त्यांना ती बघायची गरजच नव्हती. पायाच्या मागच्या बाजूला तिरकी, चार बोटं लांब, दोन्ही अंगांना पाच पाच ठिपके. शेवटचा ठिपका जरासा ओढलेला, कारण त्या टाक्याच्या वेळी पोराने पाय झाडला होता.

बत्तीस वर्षांपूर्वी बाग नवी होत होती. सिस्टरांचा नवरा फिटर होता. झोपाळे, सी-सॉ आणि घसरगुंडी बनवण्याचं काम त्याला मिळालं होतं, ते त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. घसरगुंडीचा पत्रा बसवून झाला होता, कड घासायची राहिली होती, म्हणून त्याने खाली दोरी बांधली होती. एका दुपारी सहा वर्षांचा छोटू दोरीखालून गेला आणि उलट्या बाजूने वर चढला. फिटर त्याला कवेत घेऊन दवाखान्यात धावत आला.

"पत्र्याने कापलं," तो बायकोच्या कानाशी म्हणाला. एवढंच.

डॉक्टर संध्याकाळी यायचे. सिस्टरांनी जखम धुतली आणि पाच टाके घातले. शेवटची गाठ मारून कात्री खाली ठेवतात तोच पोराची आई धापा टाकत आत आली. घसरगुंडीवर पाऊल ठेवलंस तर तंगडं मोडीन, असं तिने त्याला सकाळीच बजावलं होतं. तिने विचारलं, "काय केलंस रे?" आणि पोर म्हणालं, "कुत्रं चावलं. बाइंडरकाकांचं."

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या हातांकडे बघत होता. मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: कुत्र्याचा चावा.

एक ओळ. काम जाऊ नये, नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये, एवढाच विचार होता. पण लिहिलेल्या ओळीला पुढे पाय फुटतात. बाइंडरचं कुत्रं तांबूस, अगदी पुठ्ठ्याच्या रंगाचं होतं आणि त्याचं नावही पुठ्ठाच होतं. दिवसभर खळीच्या डब्याशी झोपून ते खळ चाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटूच्या वडिलांनी गाडी बोलावून ते देऊन टाकलं. कुत्रं दहा दिवस नजरेखाली राहिलं असतं तर सुया मध्येच थांबवता आल्या असत्या. ते राहिलं नाही, म्हणून चौदाच्या चौदा द्याव्या लागणार होत्या. त्या काळी त्या पोटात देत.

रोज सकाळी आई त्याचे हात धरायची, वडील पाय धरायचे. तिसऱ्या दिवशी पोर किंचाळलं, "कुत्रं नव्हतं! सिस्टर, कुत्रं नव्हतं, मी घसरगुंडीवर पडलो!" वडील म्हणाले, "बघा, सुई चुकवायला काय काय सुचतंय." सिस्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टोचली. चौथ्या दिवशीही टोचली. चौदाव्या दिवशी पोर काही बोललं नाही.

तेव्हापासून सिस्टरांना मागे कुत्र्याची नखं ऐकू यायची. फरशीवर, जिन्यात, दवाखान्याच्या लांबट खोलीत, भर दुपारी. चालता चालता त्या जरा कडेला सरकत, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशा. फिटरने ते कितीतरी वेळा पाहिलं. कशाला सरकलीस, असं त्याने एकदाही विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी तो वारला. त्याच्या झोपाळ्यांवर दोन पिढ्या खेळल्या, अजून एक कडी निसटली नव्हती, आणि बागेत त्याचं नाव निघालं की लोक हात जोडायचे तेवढे बाकी राहायचे.

"मी उगाच हट्ट करतो असं वाटतं तुम्हाला," छोटू आता हळू आवाजात बोलत होता. पाय त्याने खाली घेतला होता, पँट तशीच गुंडाळलेली. "माझ्या मुली म्हणतात, बाबा, तुम्ही पिल्लालासुद्धा घाबरता. हो, घाबरतो. अजून झोपेत येतं ते माझ्या. एवढं मोठं. पोटावर पाय देऊन उभं राहतं आणि मला हलताच येत नाही. कुणीतरी हातपाय धरून ठेवल्यासारखं होतं."

"पोटावर?" हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "चावलं तर पायाला ना?"

"पायाला. पण येतं ते पोटावर." छोटू जरा गोंधळला. "आणि त्याचा वास येतो. नाकात झोंबतो. जागा झालो तरी जात नाही."

सिस्टर उभ्या राहिल्या. कुणी विशेष लक्ष दिलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारीला उन्हाचा त्रास होतोय. त्या दोन रांगांमधून पुढे आल्या आणि छोटूसमोरच्या बाकावर बसल्या.

"पाय दे इकडे," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, अहो, राहू दे..."

"दे म्हणते ना."

नव्वद किलोच्या माणसाने निमूट पाय दिला. त्यांनी अंगठ्याने ती खूण वरून खालपर्यंत दाबली.

"किती टाके आहेत हे?"

"पाच. तुम्हीच घातलेत की."

"मीच घातले. कुत्र्याच्या चाव्याला टाका घालत नाहीत, छोटू. धुऊन उघडा ठेवतात. शिवला तर आत पिकतो. पहिल्या वर्षाच्या पोरीलासुद्धा हे माहीत असतं." त्यांनी अंगठा काढला नाही. "हा पत्रा आहे. घसरगुंडीचा. आमच्या ह्यांनी कड घासली नव्हती. मला माहीत होतं, आणि मी कुत्रा लिहिला."

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली. कुणीतरी आपल्या पोराला झोपाळ्यावरून उतरवून घेतलं होतं.

"नाही," छोटू म्हणाला. "मला वास आठवतो."

"स्पिरिटचा. बोळा तुझ्या पोटावर मी फिरवत होते."

छोटूने पाय हळूच ओढून घेतला. पँट खाली करायला तो वाकला, आणि तसाच वाकून राहिला. बाइंडरच्या नातीने तोंडावर हात ठेवला. हेडमास्तरीणबाईंनी ठरावाचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

सिस्टर बाइंडरकडे वळल्या. एवढं वळायला त्यांना बत्तीस वर्षं लागली होती. हा माणूस रोज त्यांना नमस्कार करायचा. दवाखान्याची रजिस्टरं दरवर्षी त्याच्याकडेच बांधायला जायची; त्या सालचं रजिस्टरही त्यानेच बांधलं होतं.

"तुमच्यापुढे मी..." त्यांनी सुरुवात केली.

"मला ठाऊक आहे," बाइंडर म्हणाले.

त्यांनी मान जरा तिरकी केली. कडेच्या नजरेने बघायचं तर त्यांना तशीच करावी लागे.

"फिटर आला होता माझ्याकडे. गाडी कुत्र्याला घेऊन गेली त्याच दिवशी, दुपारी. कानस हातातच होती. दुकानात उभा राहून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, हिला सांगू नका मी आलो होतो ते. तिने माझ्यासाठी केलंय."

सिस्टर झोपाळ्याच्या कडीकडे बघू लागल्या.

"मग तुम्ही का नाही बोललात?" हेडमास्तरीणबाईंनी विचारलं. "एवढं कुत्रं गेलं तुमचं!"

"गेलं होतंच ना. बोलून ते परत आलं असतं थोडंच." बाइंडर थांबले. काठीवरचा हात त्यांनी एकदा उचलला, परत ठेवला. "खरं सांगू? माझं दुकान दवाखान्याच्या समोर. रोज सकाळी ह्या पोराचं ओरडणं मला ऐकू यायचं. पहिल्या दिवशी म्हटलं, सिस्टर आता थांबतील. मग वाटलं, भोगू दे. माझा पुठ्ठा नेला ना, भोगू दे. मी चौदा दिवस खळ ढवळत बसलो, आणि ऐकत होतो. एका शब्दाने थांबलं असतं."

छोटू ताठ झाला. त्याने एकदा सिस्टरांकडे पाहिलं, एकदा बाइंडरकडे. दोघं म्हातारे, दोघंही त्याच्या लहानपणापासूनचे, दोघांनी त्याच्या लग्नात अक्षता टाकलेल्या.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "चला घरी."

"अगं, थांब. सभा चालू आहे."

पण सभा चालू नव्हती. छोटूने आपला ठरावाचा कागद हेडमास्तरीणबाईंच्या मांडीवरून उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि कुणाशी न बोलता फाटकाकडे निघाला. वाटेत बटण आडवं झोपलं होतं. तो त्याच्यापासून दहा पावलं लांबून, गवतातून वळसा घालून गेला.

पाटी त्याच आठवड्यात निघाली. सोमवारी गाडी आली ती रिकामीच परत गेली. गाडीवाला बराच वेळ बडबडत होता, म्हणे बोलावणाऱ्याने फोन उचलला नाही.

बाइंडर पुढे दीड वर्ष जगले. बटण त्यांच्यानंतर तीन महिन्यांनी गेलं. नात शिकून दुसऱ्या गावी गेली. तिथे जनावरांची डॉक्टर झाली असं कळतं. हेडमास्तरीणबाई शेवटपर्यंत अध्यक्ष राहिल्या, पण त्या सभेचा वृत्तान्त त्यांनी लिहिला नाही, कुणाला लिहूही दिला नाही. घसरगुंडी पालिकेने काढून नेली आणि प्लास्टिकची आणली; तीन पावसाळ्यांत तिला तडे गेले.

छोटूने सेक्रेटरीपद सोडलं. सिस्टरांच्या घरात दिवा बिघडला तर माणूस पाठवायचा, स्वतः यायचा नाही. बाइंडरच्या अंत्यविधीला आला होता. लांब उभा राहिला.

सिस्टर सत्त्याऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांच्या अखेरच्या वर्षी, एका दुपारी दार वाजलं. भाचीने उघडलं तर छोटू. केस पिकलेले, चपला हातात घेऊन उंबऱ्याशी उभा. सिस्टर खाटेवर टेकून बसल्या होत्या. तो खुर्चीच्या कडेवर बसला. पाण्याचा पेला त्याने हातात धरला, प्याला नाही.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "मी तेव्हा सांगितलं होतं का? कुत्रं नव्हतं म्हणून? मला आठवत नाही."

"सांगितलं होतंस."

"नक्की?"

"तिसऱ्या दिवशी. मग रोज. तेराव्या दिवसापर्यंत."

छोटूने मनाशी हिशोब केला. ओठ हलताना दिसले.

"म्हणजे अकरा वेळा," तो म्हणाला.

"अकरा वेळा."

त्याने मान हलवली. मग तो पेलाभर पाणी प्याला, आणि आणखी मागून प्याला.