वहीतला कोरडा नवस

अर्ध्या ब्लेडने मालू वहीतलं दुसरं वाक्य खरवडत होती. शाई निघाली, कागदाचा भुसा निघाला, शेवटी कागदाला भोकच पडलं. पण दत्तात्रेय सरांनी लाल पेनाने केलेली बरोबरची खूण होती तिथेच राहिली. म्हणजे वाक्य गेलं आणि मंजुरी तेवढी उरली.

ओटीवरून सासूचा आवाज येईना, तसं तिने ब्लेड खाली टाकलं.

"आई?"

तिने ओटीकडे मान वळवली.

"आई, अवो बोला ना कायतरी!"

"तांदूळ निवडतेय मी, दिसत नाय?" धोंडुबाई ओटीवरून कडाडली. "सकालपासून बोला बोला लावलंय मेलीनं. काय कीर्तन सांगू तुला?"

मालूने डोळे मिटून गावदेवीला हात जोडले.

हे सगळं सुरू झालं त्याला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. मालू गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका व्हायचं तर दहावी पास हवी. शाळेत न जाता परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने बाकीचे विषय काढले होते, इंग्रजी दोनदा राहिलं होतं. आता शेवटची खेप; या मार्चमध्ये नाही झालं तर बाहेरून दुसरी बाई आणून बसवणार, असं मुख्यसेविकेने तोंडावर सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी दुपारी मालू एसटी धरून पेणला सरांकडे जायची.

त्या रविवारी सरांनी दोन शब्द शिकवले. जे होऊ शकतं, त्याच्यासाठी होप. जे नाही, नुसतं मनात असावंसं वाटतं, त्याच्यासाठी विश.

"विशची वाक्यं लिहा. जे नाही तेच लिहायचं. खरं असलं तर चूक."

जे नाही त्याला काय तोटा! मालूने खाली मान घालून लिहिलं, आय विश माय हजबंड वेअर ॲट होम. गुणाजी धरमतरला मालाच्या बार्जवर खलाशी होता, आठ-आठ दिवस घरी यायचा नाही. मग तिला दुसरं सुचलं. आय विश माय मदर-इन-लॉ वेअर सायलेंट.

"सर, नवरा एकच आहे. त्याला वेअर कसं?"

"जे नाही त्याला सगळं माफ असतं, मालूबाई," सर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही वाक्यांवर लाल खूण केली.

बुधवारी दोघांच्या खांद्यावर हात टाकून गुणाजी घरी आला. जेट्टी आणि बार्जच्या मध्ये पाय सापडला होता. मांडीपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे घर सोडायचं नाही.

धोंडुबाई दारातच मटकन बसली. "कुनी कोरडा नवस बोलला गो माज्या घरात?"

मालूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. देवीकडे मागायचं तर मागण्यासोबत फेड बोलायची, नारळ म्हणा, कोंबडी म्हणा. कोरडं मागितलं तर देवी किंमत आपल्या हाताने उचलते. हे मालूला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते इंग्रजीलाही लागू असेल, हे कुणाच्या ध्यानात यावं?

पुढच्या रविवारी ती पिशवीत नारळ घेऊनच पेणला गेली.

"सर, ती वाक्यं रद्द करता येतात का?"

"रद्द? बरोबर आहेत ती."

"तेच तर. कुठल्या देवाला जातात ती?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "बोर्डाला जातात. दोन मार्कांना." मग नारळाकडे पाहून म्हणाले, "हा घरी न्या. आमटीत घाला."

येताना एसटीत मालूच्या मांडीवर नारळ होता आणि डोक्यात गोंधळ. सर शिकलेले, ते खोटं बोलणार नाहीत. पण गुणाजीचा पायही खोटा नव्हता. आणि दुसरं वाक्य अजून फळायचं होतं. म्हणून आज ती ब्लेड घेऊन बसली होती.

"वही काय उंदरानं खाल्ली?"

धोंडुबाई सूप घेऊन मागे येऊन उभी होती. मालूला रडूच फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं, दोन्ही वाक्यं, नारळ, बोर्ड.

"मी गप व्हावी म्हनून लिवलंस?"

"जे नाही तेच लिहायचं होतं, आई."

आतल्या खाटेवर गुणाजी हसला आणि पाय दुखून कळवळला.

धोंडुबाईने सूप खाली ठेवलं. ती आता ओरडणार म्हणून मालूने अंग चोरलं.

"माजंपन एक लिव."

"नको वो आई!"

"कोरडं नाय सांगत. कोंबडी देईन देवीला. तुज्या त्या बोर्डालापन देईन. लिव."

"काय लिहू?"

धोंडुबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. झोपेतसुद्धा बडबडणारी ती बाई, सुपातल्या तांदळात बोटं घालून गप्प बसून राहिली. खाडीवरचा वारा ओटीवरून गेला. मालू एकदा कागदाच्या भोकाकडे पाही, एकदा सासूच्या ओठांकडे.

"रोह्याला विंग्रजीत काय म्हनतात गो?"

"रोहाच म्हणतात, आई."

मालूला कळलं. शकू रोह्याला होती. गुणाजीची धाकटी बहीण, कंपनीत शिफ्ट करणाऱ्या पोराशी आपल्या मनाने लग्न केलेली. तिने या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असं गुणाजी तेव्हा बोलला होता. त्याला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांच्या बडबडीत धोंडुबाईने ते नाव एकदाही घेतलं नव्हतं.

मालूने आय लिहिलं आणि पेन थांबलं. पुढे होप की विश? होऊ शकतं की नाही? हे सरांना विचारून कळण्यासारखं नव्हतं.

"आई," ती सासूला म्हणाली, पण आत ऐकू जाईल अशा बेताने, "शकूवन्सं आल्याच, तर दार?"

 धोंडुबाईने आतल्या दाराकडे पाहिलं. आत खाट करकरली.

"माज्यानं काय आता उठून दार लावनं होतंय?" गुणाजी म्हणाला.

मालूने आयच्या पुढे होप लिहिलं. ओटीवर सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि पाठोपाठ धोंडुबाईचा.

"दोन पोरं हायत तिला. मोठ्याचं नाव निकेश. तेपन लिव."

हे तिला कुणी सांगितलं, ते मालूने विचारलं नाही.