सरूबाईंच्या बोटातली चेतापेशी

मित्रांनो, मी सुताच्या धाग्याहून कितीतरी बारीक, पण वयाने चांगली जुनी अशी एक चेतापेशी आहे. खारदांड्याच्या मासेविक्या सरूबाईंची आणि माझी जन्मापासूनची सोबत. त्या आईच्या पोटात होत्या तेव्हाच मी त्यांच्या मानेच्या मणक्याजवळ तयार झाले. तिथून माझा एक लांब तंतू त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीपर्यंत गेला. त्या वाढल्या, तसा तोही लांबत गेला.

दुखण्याची बातमी पोचवणे हे माझे काम. बोटाला काटा टोचला किंवा चटका बसला, की माझ्या टोकाची सूक्ष्म दारे उघडतात. बाहेरचे सोडियमचे कण आत शिरतात आणि विजेची एक छोटी लाट उठते. तिच्यामुळे पुढची दारे उघडतात, मग त्यापुढची. मागची दारे क्षणभर बंद राहतात, म्हणून लाट मागे फिरत नाही. टोचणी फारच हलकी असेल तर लाट उठतच नाही; उठली की मात्र पुरती उठते. माझ्या तंतूवर चरबीचे आवरण आहे आणि त्यात मधे मधे उघड्या जागा आहेत. लाट एका उघड्या जागेवरून दुसरीवर उडी घेते, म्हणून बातमी झटकन मज्जारज्जूत पोचते.

तिथे मी संपते. पुढची पेशी अगदी शेजारी असते, पण आम्ही एकमेकींना चिकटलेल्या नसतो. मधल्या फटीला सिनॅप्स म्हणतात. लाटेला ती ओलांडता येत नाही. मग माझ्या या दुसऱ्या टोकाशी साठवलेल्या इवल्या पिशव्या फुटतात, त्यांतले रसायन पलीकडे जाते आणि पुढच्या पेशीत नवी लाट जागी होते. एक बातमी मेंदूकडे जाते, दुसरी हाताच्या स्नायूंकडे. म्हणून दुखले हे कळण्याआधीच हात मागे येतो.

एकदा बाजारात सरूबाई सुरमई कापत होत्या. गिऱ्हाइकाशी बोलताना कोयता सटकला आणि डाव्या तर्जनीच्या मुळाशी खोल घुसला. माझा तंतू तुटला, माझ्या सोबतिणींचेही तुटले. सरूबाईंनी हळद दाबून फडके बांधले. जखम भरली, बोट मात्र बधिर राहिले. मी मानेजवळ जिवंत होते, पण बोटाकडून एकही बातमी येईना.

पवईच्या ऑफिसात नोकरी करणारी त्यांची मुलगी नमिता म्हणायची, "आई, डॉक्टरला दाखव ना."

"धंदा सोडून कुठं बसू गं तिथं? होईल बरं."

मग एक दिवस त्यांनी चुलीवरून कालवणाचे पातेले फडक्याने धरून उतरवले. बोट फडक्याबाहेर राहून तापलेल्या कडेला टेकले होते.

"आई, बोट काढ! भाजतंय तुझं!" नमिता ओरडली.

सरूबाईंनी खाली पाहिले. कातडी पांढरी पडली होती. "मला कळलंच नाय गं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच घाबरल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर वसुधा म्हणाल्या, "मावशी, आतला चेतातंतू तुटलाय. जोडू आपण. पण तो सावकाश वाढतो. हाताला आराम हवा."

"मग मासे कोण कापणार?"

"ऑफिसला जायच्या आधी मी कापते," नमिता म्हणाली. "वाकडेतिकडे झाले तर लोक ओरडतील, ओरडू देत."

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली टोके जुळवली. माझा पुढचा भाग केव्हाच मरून गेला होता, पण त्याची रिकामी नळी शिल्लक होती. तिच्यातून मी मुंगीहून हळू पुढे सरकू लागले. कधी सरूबाईंच्या बोटात झिणझिण्या यायच्या, कधी काहीच नाही. बोटाला स्पर्श पुन्हा ओळखता यावा म्हणून त्या रोज त्यावरून कापूस फिरवायच्या, मग खरखरीत टॉवेल.

पुढे त्या पुन्हा बाजारात बसू लागल्या. एका सकाळी कोळंबी सोलताना तिच्या डोक्याचा काटा बोटात घुसला. माझ्या टोकाशी लाट उठली, उड्या घेत वर आली, फटीपलीकडे गेली.

"आई गं!" सरूबाईंनी हात झटकला. मग बोटावरच्या रक्ताच्या थेंबाकडे पाहून त्या मोठ्याने हसल्या आणि बाजूला मासे कापणाऱ्या नमिताला म्हणाल्या, "नमिते, दुखलं! लय दुखलं!" शेजारणी उठून बघायला आल्या.

मित्रांनो, ते बोट अजून पूर्वीसारखे नाही. बर्फात हात घातला की ठणकते. तरी मी कामावर आहे. तुमच्याही हातापायात माझ्यासारख्या असंख्य जणी आहेत. एखादी जागा बधिर झाली, तर ती दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. लगेच घरच्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. तुटलेल्या आम्हांला पुन्हा वाढता येते, पण फार उशीर झाला तर वाटच बुजून जाते.