मानेवरची जागा

"हां, आता हलू नका," म्हणत लेकीनं दोन बोटं बापाच्या कानाखाली, मानेच्या कडेला नेमकी रोवली.

आणि बाप पडला. धाडकन. कपाटाची दारं खडखडली. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, घर आहे हे! खालचे लोक झोपलेत अजून!"

लेक पोट धरून हसत होती. "बघितलंत? तो बोळातला जवळ आला की असंच करायचं. खलास!"

आपटबार फरशीवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिला. सिनेमातल्या मारामाऱ्यांत मार खाऊन पडणं हा त्याचा धंदा, म्हणून हे नाव. नायकानं मानेला बोट लावायचं आणि यानं कोसळायचं. बोटात काही नसतं हो, सगळी करामत पडणाऱ्याची! आज मात्र पाय रोवून उभं राहायचं आणि हे सगळं थोतांड आहे हे पोरीला दाखवून द्यायचं, असं रात्रभर ठरवून तो उठला होता. पण बोट लागलं आणि अंग त्याला न विचारताच कोसळलं. मेली ती सवय!

पोर लहानपणी रुसली, की हाच खेळ. तिनं बोट लावायचं, त्यानं पडायचं, की रुसवा पळाला. ते ती असं खरं धरून बसेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

औषधाच्या दुकानात तिची सकाळची पाळी. उजाडायच्या आत निघायचं, आणि जवळची वाट बंद कारखान्यामागच्या बोळातून. तिथं हल्ली एक माणूस उभा असायचा. काल तो तिच्या मागोमाग चालत आला. "रोज एकट्याच जाता का?" म्हणाला. तिनं हे रात्री जेवताना हसत हसत सांगितलं, आणि आपटबारनं ताट बाजूला सारलं.

"मोठ्या रस्त्यानं जा," तो आता फरशीवरून उठत म्हणाला.

"एवढा वळसा कोण घालणार? आणि मी का घाबरू? घाबरू दे की त्याला!" ती बूट चढवत होती.

"पुन्हा लाव बोट."

"बाबा, उशीर होतोय."

"लाव म्हणतो ना!"

तिनं लावलं. त्याचे गुडघे सैल व्हायला लागले. त्यानं दात आवळले. तिनं आणखी दाबलं, नख रुतलं, दुखलं. तो उभाच राहिला.

"पडा ना," ती हसली.

त्यानं तिचं मनगट धरलं.

"सोडा."

त्यानं पकड आवळली. तिची मोकळी बोटं त्याच्या मानेवर ती जागा शोधत राहिली, इथं, तिथं, पुन्हा तिथंच. हसू कधीच गेलं होतं. लेकीच्या डोळ्यांत असली भीती त्यानं कधी बघितली नव्हती, आणि ती भीती तिला त्याचीच वाटत होती. सोड रे, पोर आहे तुझी, असं आतून कोणीतरी म्हणत होतं. त्यानं सोडलं नाही.

"बाबा, लागतंय... आई!"

"आई इथं आहे. बोळात कोण आहे?"

तिनं बुटाची टाच सगळ्या ताकदीनिशी त्याच्या अनवाणी पायावर हाणली आणि हात हिसडून घेतला. तो कळवळून ओरडला. बायको हातातलं टाकून धावत आली आणि दारातच थबकली.

लेक मनगट चोळत भिंतीला टेकली होती.

"म्हणजे तेव्हाही... तुम्हीच पडायचात?"

"हो."

"एकदाही खरं नाही?"

त्यानं मान हलवली. तिच्याकडे बघणं त्याला जमेना.

रोज 'येते' म्हणून जाणारी पोर पिशवी उचलून न बोलताच जिना उतरली. बायको काय काय विचारत होती. तो लंगडत खिडकीपाशी गेला आणि त्यानं गज धरले.

बोळाच्या तोंडाशी ती थांबली. आत बराच वेळ बघत राहिली. मग ती वळली आणि मोठ्या रस्त्याला लागली.

दिव्याखालून जाताना तिनं मागं वळून पाहिलं. त्यानं हात वर केला. पण खिडकीकडे तिचं लक्षच नव्हतं. मागून कोणी येतंय का, ते ती बघत होती.