बारा जण हवेत

पूल बंदराच्या अगदी तोंडाशी होता. मधल्या खांबावर तो आडवा फिरला की आतल्या गोदीची वाट मोकळी व्हायची. नव्वद वर्षांत त्याने हजारो जहाजं आत-बाहेर सोडली होती आणि थांबलेल्या ट्रकवाल्यांच्या मनसोक्त शिव्या खाल्ल्या होत्या. हल्ली त्या शिव्या ताईच्या वाट्याला यायच्या. पूल चालवणारी ती पहिलीच बाई. तिच्याआधी पुलाच्या केबिनमध्ये तिचे वडील होते. आता ऐंशी पार केलेले आबा लेकीबरोबर पुलाच्या पायथ्याशी राहत.

त्या दिवशी भर दुपारी आतल्या गोदीत लाकडाच्या वखारीला आग लागली. शेजारीच साठ होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या, आणि वारा नेमका त्यांच्याच दिशेने. आग विझवणारी बोट भोंगा वाजवत पुलापाशी आली. ताईने गाड्या अडवल्या, फाटकं पाडली, बटण दाबलं. पूल ढिम्म. आगीत विजेची केबलच जळाली होती.

"जनरेटर पाठवतो," बंदराचे साहेब फोनवर म्हणाले. "तासभर धीर धरा."

"तासाभरात राख उरेल, साहेब!" ताईने फोन आपटला.

मोटार बसण्याआधी हा पूल बारा माणसं हाताने फिरवत. आबाही तरुणपणी त्यांतलेच एक. त्या वेळची चार दांड्यांची, छातीएवढी उंच लोखंडी चावी अजून केबिनमागे होती. ती भंगारात काढा, असं साहेबांनी दोनदा बजावलं होतं. ताईने ते कानाआड केलं होतं आणि चावीला दरवर्षी ग्रीस लावलं होतं.

तिने रांगेतल्या पहिल्या ट्रकच्या दारावर थाप मारली. "दादा, रोज माझा उद्धार करता ना? आज खाली उतरा. बारा जण हवेत."

"पूल काय हातगाडी आहे, ढकलायला?"

"आहे. या, दाखवते."

बारा मागितले, तीस आले. टाय लावलेला एक बँकवाला आला, बसची ड्रायव्हर बाईही आली. ताईने घणाने दोन्ही टोकांच्या खिट्ट्या सोडवल्या. पुलाच्या मधल्या भोकात चावी बसली, सगळ्यांनी दांड्यांना छाती लावली. पण जो तो आपापल्या वेळेला जोर करत होता. पूल हलेना.

"अरे, असं नाही!" आबा धापा टाकत वर आले होते. "सगळे एकदम! एक... दोन... हं!"

ते काठी आपटून ताल देऊ लागले. चौथ्या ठोक्याला खालून कर्रकन आवाज आला.

"हलला! हलला!"

पूल आधी बोटभर सरकला, मग हातभर, मग फिरतच राहिला. ताईच्या तळहातांची सालटी निघाली, पण तिला भान कुठे होतं! अकरा मिनिटांत वाट मोकळी झाली आणि बोट सुसाट आत गेली. चारी बाजूंनी पाण्यात अडकलेली ती तीस माणसं वेड्यासारखी ओरडत होती.

होडी एकही जळली नाही.

साहेब जनरेटर घेऊन पोचले, तेव्हा पूल माघारी फिरत होता. "थांबा, मशीन आणलंय!" ते ओरडले.

"बाजूला व्हा साहेब, आम्ही येतोय!" ट्रकवाल्याने दांडीवरूनच आवाज दिला.

हसता हसता आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लेकीचे सोललेले हात हळूच हातात घेतले.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले. "आम्हाला पंधरा लागायची गं!"