हजाराच्या आत
एकोणऐंशी साली सिकंदर शिकलगार उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लोखंडाचा रस ओतायचे मातीचे साचे भरायचा. त्याच्या हाताला भारी सफाई होती. म्हातारे मिस्त्री काम सोडून गेले, तेव्हा मालक पार्श्वनाथअण्णांनी त्यालाच आत बोलावलं.

"दसऱ्यापासनं मिस्त्री तू. पगार हजाराच्या वर जाईल. पेढं आण की लेका!"

सिकंदर हसला, पण पेढे आणायला गेला नाही. त्याच्या पगारातून दरमहा कामगार विम्याची कपात व्हायची आणि त्याबदल्यात घरच्यांचं औषधपाणी, ऑपरेशनसुद्धा फुकट व्हायचं. पण ही सोय हजाराच्या आत पगार असलेल्यांनाच होती. शेजारच्या कारखान्यातल्या एका फिटरचा पगार वाढला आणि विम्यातनं नाव गेलं, असं त्यानं ऐकलं होतं. इकडं घरी त्याच्या बायकोच्या, मेहमुदाच्या पोटात गाठ निघाली होती. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी आधी गोळ्या घ्यायला सांगून ऑपरेशन दिवाळीनंतर ठरवलं होतं.

सायकलवरून घरी येताना तो सगळ्या वाटेनं हिशेब करत होता. विम्याची कपात वाचेल, पण व्यवसाय कर वाढेल. हातात पडून पडून साठ-सत्तर रुपये जास्त पडतील. खाजगी दवाखान्यात ऑपरेशन करायचं म्हटलं, तर सबंध वर्षाची वाढ घातली तरी पुरायची नाही. घरी मेहमुदा पाण्याची घागर उचलताना भिंतीला धरून थांबली होती. त्यानं घागर तिच्या हातातून घेतली आणि बढतीचा विषयच काढला नाही.

दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही. मग तो अण्णांपुढं जाऊन उभा राहिला.

"अण्णा, मला न्हाय जमायचं मिस्त्रीपद."

"का? दुसऱ्या कुणी बोलावलंय काय?"

"तसं न्हाय. एवढी जबाबदारी झेपायची न्हाय मला."

खरं कारण ओठांवर आलं होतं. पण बायकोच्या पोटातलं दुखणं मालकापुढं कसं बोलायचं? आणि बोललो, तर पैसे मागायला आला असं वाटायचं. तो साच्याकडं परतला. अण्णा दुखावले. त्यांनी कृष्णातला मिस्त्री केलं. साचा कसा ठोकायचा हे कृष्णातला सिकंदरनंच शिकवलं होतं.

कृष्णात भाबडा माणूस. तो पेढ्यांचा पुडा घेऊन थेट सिकंदरच्या घरी आला.

"वैनी, सिकंदरभाईंनी सोडलं म्हणून मला मिळालं बगा!"

मेहमुदाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. कृष्णात गेल्यावर तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं, तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं.

"माझ्या दुखण्यापायी सोडलं व्हय? आनि मला इचारलं पन न्हाय?"

"तुझ्या जिवाला घोर लागला असता."

"आता लागला न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी गोळ्या आणायला ती विम्याच्या दवाखान्यात गेली. खिडकीपाशी रांग होती, तरी तिनं कारकुनाला मोठ्यानं विचारलं, "भाऊ, नवऱ्याचा पगार हजाराच्या वर गेला तर दिवाळीनंतरचं माझं ऑपरेशन ऱ्हातंय काय?"

"अहो, असं लगेच नाव कापत नाहीत. ही सहामाही संपेपर्यंत कपात चालूच राहते. औषधपाणी त्याच्याही पुढं काही महिने मिळतं. दिवाळीनंतरचं ऑपरेशन आरामात बसतं त्यात."

सिकंदर कामावरून आल्यावर तिनं कारकुनाचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. त्यानं कधी कुणाला विचारलंच नव्हतं. फिटरची ऐकीव गोष्ट खरी धरून तो भीत राहिला होता.

त्यानं पुन्हा अण्णांना गाठलं आणि या खेपेला काही लपवलं नाही. अण्णांनी कपाळावर हात मारला.

"हे तवाच सांगितलं असतंस तर मीच चौकशी केली असती. आता कृष्णातला शब्द दिलाय, सिकंदर. माघारी कसा घेऊ?"

दिवाळी सरली. मेहमुदाला दाखल केलं, पण रक्त अजून कमीच भरत होतं. डॉक्टर म्हणाले, रक्ताची बाटली मिळाल्याशिवाय हात लावणार नाही. सिकंदरचं रक्त जुळेना. तिच्या भावाचंही जुळेना. फौंड्रीत निरोप गेला, तसा कृष्णात भट्टीवरच्या काळ्या कपड्यांतच धावत आला. जुळलं ते त्याचं. गेले दोन महिने सिकंदर त्याच्याशी कामापुरतंसुद्धा नीट बोलला नव्हता. कृष्णात बाही वर करून पडला होता, तिथं जाऊन बसायचीही त्याला लाज वाटली.

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडेपर्यंत तो एकदाही खाली टेकला नाही. डॉक्टर बाहेर आले आणि गाठ साधीच दिसते म्हणाले. गाठीच्या तपासणीचा निकाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात दारात कुणाचंही पाऊल वाजलं की तो उठून बघायला जायचा. निकालही चांगला आला.

मेहमुदा घरी आल्यावर तो कामाला गेला. कृष्णात नवा साचा बघत वाकला होता.

"मिस्त्री," सिकंदर म्हणाला. त्याला अशी हाक मारायची ही पहिलीच वेळ. "माती लई वली हाय, रस उडंल. आजच्या दिस ओतू नगा."

कृष्णातनं माती मुठीत दाबून पाहिली आणि भट्टी थांबवायला सांगितलं.